बडोद्यातील जुन्या वाड्यांच्या संकेतस्थळासाठी कोणता नकाशा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. बडोद्यातील मराठी कुटुंबांचे जुने वाडे, देवळे आणि गायकवाडी काळातील इमारती यांची माहिती देणारे एक छोटे संकेतस्थळ आम्ही काही जण मिळून तयार करत आहोत. आतापर्यंत चौसष्ट ठिकाणे नोंदवून झाली आहेत. त्यांत न्यायमंदिर, मांडवी, कीर्तिमंदिर अशी सर्वांना ठाऊक असलेली थोडी आणि दांडिया बाजार व रावपुरा भागातील गल्लीबोळांतली पुष्कळ आहेत. ही सर्व एकाच नकाशावर दिसावीत आणि खुणेवर बोट ठेवताच वाड्याचे नाव, छायाचित्र व दोन ओळींची माहिती मराठीत आणि गुजरातीत उघडावी, एवढीच आमची गरज आहे.

पत्त्यावरून जागा शोधून पाहिली, तेव्हा खूण वाड्यावर न पडता बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पडत होती. म्हणून प्रत्येक वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर उभे राहून आम्ही फोनवर अक्षांश-रेखांश टिपले. त्यामुळे पत्ते शोधून देणारी सेवा आता आम्हाला लागणार नाही.

गूगल मॅप्सचा साधा एम्बेड (तयार नकाशा आपल्या पानात जसाच्या तसा बसवणे) मोफत आहे, परंतु त्यात आपल्या मनाप्रमाणे अनेक खुणा लावता येत नाहीत. त्यासाठी एपीआय (गूगलच्या नकाशा-सेवेशी आपले संकेतस्थळ जोडण्याची सोय) घ्यायचा, तर कार्ड जोडून बिलिंग खाते उघडावे लागते. आमच्या मंडळाच्या नावावर कार्ड नाही, आणि खजिनदारांचे खासगी कार्ड सार्वजनिक कामाला जोडणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून माझा कल ओपनस्ट्रीटमॅप (स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला जगाचा खुला नकाशा) आणि लीफलेट (संकेतस्थळावर नकाशा व खुणा दाखवणारी मोफत प्रणाली) यांच्याकडे आहे. श्रेयनिर्देश दिला की ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कोणालाही वापरता येते; मात्र त्यांचा टाइल सर्व्हर (नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, पुरवणारा संगणक) देणग्यांवर चालतो, सेवेची हमी नसते आणि फार भार टाकणाऱ्यांना अडवले जाते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आमच्याकडे वाचक बरेच वाढतील, आणि नेमका तेव्हाच नकाशा कोरा दिसला तर केलेले सगळे काम वाया जाईल.

खरी अडचण अक्षरांची आहे. तयार चित्रांच्या टाइलवर नावे आधीच छापलेली असतात, त्यामुळे भाषा बदलता येत नाही. व्हेक्टर टाइलमध्ये चित्राऐवजी कच्ची माहिती येते व नावे नकाशाची प्रणाली स्वतः रेखाटते; त्यात भाषा निवडता येते म्हणून ते करून पाहिले, तर ‘मंदिर’ शब्दातील पहिली वेलांटी ‘द’च्या मागे न येता पुढे जाऊन बसली आणि ‘कीर्ती’चा रफार सुटा पडला. ज्या आजी-आजोबांनी आपल्या वाड्याची माहिती सांगितली, त्यांना त्याचे नाव असे मोडलेले दाखवण्याची माझी तयारी नाही. लीफलेटच्या खुणेवरील मजकूर ब्राउझर स्वतः मांडतो, त्यामुळे तेथे अक्षरे शुद्ध उमटतात. म्हणून पार्श्वभूमीचा नकाशा नावांविना ठेवून सगळी नावे खुणांवर आपणच लिहावीत, असे मनात आहे.

भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत छापणे १९६१च्या कायद्याखाली गुन्हा ठरते, म्हणून नकाशा शहराबाहेर सरकू नये अशी मर्यादा आम्ही घालणार आहोत.

जाणकारांना विनंती, की पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. नावांविना टाइल देणारी, मंडळाला परवडेल अशी सेवा कोणती घ्यावी? की फक्त बडोद्यापुरता नकाशा कापून आपल्याच सर्व्हरवर ठेवणे अधिक बरे? कोणी असे केले असल्यास फाइल किती मोठी होते आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) ती नीट चालते का, हेही कृपया सांगावे.