स्वतःच्या साइटवरून थेट विक्री: पैसे आधी जाहिरातीत घालू का?

कॅनव्हासप्रेमी
लॅपटॉपच्या बॅगा बनवतो. आतापर्यंत मार्केटप्लेसवर विकत होतो पण कमिशन कापून हातात फार उरत नाही आणि माल कोण घेतंय तेही कळत नाही, म्हणून स्वतःची साइट काढली. थोडे पैसे बाजूला ठेवलेत. सगळे इन्स्टा-फेसबुकच्या जाहिरातींत घालू, की फोटो नीट काढून घेऊ, की सरळ एजन्सीच धरू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

हिशोबी
एजन्सी वगैरे राहू द्या, आधी एका ऑर्डरमागे काय उरतं ते काढा. विक्रीची किंमत १०० धरा. बनवायचा खर्च ४०, पॅकिंग-कुरिअर १५, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची फी) ३, परत येणाऱ्या मालाचा भुर्दंड सरासरी ७. उरले ३५. (आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही टाका.) जाहिरातीतून एक गिऱ्हाईक आणायला ४० लागत असतील तर जितकं जास्त विकाल तितकं बुडाल. परतीचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत, जायचं-यायचं कुरिअर, पुन्हा पॅकिंग, आणि बॅगेवर ओरखडा आला असेल तर ती पूर्ण किमतीत जाणारच नाही.

आणि बॅग माणूस परत कधी घेणार? दाढीची ब्लेडं ऑनलाइन विकणाऱ्या डॉलर शेव्ह क्लबचा २०१२चा स्वस्तातला जाहिरातीचा व्हिडिओ सगळे सांगतात, पण ब्लेड संपतात हो, गिऱ्हाईक परत येतंच. २०१६त युनिलिव्हरने कंपनी घेतली ती साधारण १ अब्ज डॉलरला. उलट कॅस्परचं बघा, गाद्या. एकदा घेतली की कित्येक वर्षं बघायला नको, म्हणजे दर विक्रीला नवीन माणूस शोधा आणि त्याच्यासाठी पुन्हा जाहिरात. २०२०त शेअर बाजारात १२ डॉलरला आणला, २०२२त शेअरमागे ६.९० डॉलर भावाने कंपनी विकली जाऊन बाजारातून बाहेर पडली.

झिपलाईन
हिशोबी यांचं पटतं पण बॅग म्हणजे गादी नाही. चार्जरचं पाऊच, पट्टा, केबल ऑर्गनायझर असं जोडीला ठेवलं तर एकाच ऑर्डरची रक्कम वाढते आणि कुरिअर तेवढंच लागतं. मी तर म्हणेन जाहिरातीआधी हे करा.

दुसरं, जाहिरातीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १४.५ आलं तेव्हापासून तिथे ॲपला ट्रॅक करायला परवानगी मागावी लागते, भरपूर लोक नाही म्हणतात, त्यामुळे कुठल्या जाहिरातीने विक्री झाली ते धूसरच असतं. महिन्याचा एकूण जाहिरात खर्च भागिले एकूण नवीन गिऱ्हाईकं, एवढं तरी स्वतः काढा. आणि पहिल्या दिवसापासून परवानगी घेऊन ईमेल गोळा करा, ती यादी तुमची असते.

मापात_राहा
फोटोंवर खर्च करा, पण मॉडेलबिडेल नको. आत १५ इंची लॅपटॉप ठेवलेला फोटो, आतली मापं सेंटिमीटरमध्ये, चेन उघडझाप करतानाचा छोटा व्हिडिओ. घेणाऱ्याच्या मनात शंका एकच असते, माझा बसेल का? चष्मे विकणाऱ्या वॉर्बी पार्करने २०१०त सुरुवातीलाच ५ फ्रेम घरी पाठवून घालून बघायची सोय दिली ती याच शंकेसाठी. तुम्हाला तेवढं परवडणार नाही पण मापं लिहायला काय जातं!

कॅनव्हासप्रेमी
बापरे, हिशोब मांडला तर माझे १०० मागे २२च उरतायत, परत येणारा माल धरलाच नव्हता. मग मार्केटप्लेस बंद करू की नको?

हिशोबी
अजिबात नको. तिथली विक्री चालू द्या, तिथले परतीचे शेरे वाचा, लोक माल का परत करतात ते तिथे फुकट कळतं. तिथल्या पार्सलात साइटचं कार्ड टाकायच्या आधी मात्र त्यांचे नियम बघा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. २२ वर जाहिरात मोठी करू नका, पाऊचची जोडी लावून आकडा कुठे जातो ते बघा आणि तोवर छोट्या बजेटवर दोन-तीन वेगळ्या जाहिराती चालवून बघा.

झिपलाईन
पाऊच त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून निघतं का? निघत असेल तर खर्च जवळपास शिलाईचाच.

कॅनव्हासप्रेमी
निघतं की! कापणीत बरंच वाया जातं. शिवणाऱ्यांना आजच विचारतो.