दाट मेघांतल्या बर्फात अतिनील किरणांना इतकं महत्त्व द्यायचं का?

अवकाशी (कोथरूड): काल पाषाणला टपरीवर एका रसायनवाल्या मित्राशी वाजलं. त्याच्या मते आंतरतारकीय मेघांत (ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांत) धुळीवर जमलेल्या बर्फात सेंद्रिय रेणूंचं अतिनील किरणांनी आयनीभवन होणं, म्हणजे इलेक्ट्रॉन उडून रेणूचा प्रभारित आयन बनणं, ही किरकोळ बाब. मला नाही पटत. हायड्रोजनच्या लायमन-अल्फा या अतिनील प्रकाशाचा एक फोटॉन (प्रकाशकण) १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. पाण्याच्या सुट्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.६ लागतात, डांबरगोळीतल्या नॅप्थलीनला ८.१ पुरतात. त्यात गुडिपाटी आणि आलामंडोला या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की पाण्याच्या बर्फात असल्या बहुवलयी (कार्बनची अनेक कडी जोडलेल्या) रेणूंना त्याहूनही १.५ ते २ इलेक्ट्रॉनव्होल्ट कमी लागतात, कारण भोवतालचं पाणी नवा प्रभार सावरून धरतं. हे किरकोळ?

शंकासुर: मेघ दाट म्हणता, मग आत उजेड कुठला? ताऱ्यांचा अतिनील प्रकाश कडेच्या धुळीतच संपतो.

अवकाशी: याचं उत्तर १९८३ मध्येच प्रसाद आणि तारफदार या शास्त्रज्ञांनी दिलंय (तारफदार आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेतले, हे कुणी सांगत नाही). वैश्विक किरण (अवकाशातून येणारे अतिवेगवान कण) आत घुसून हायड्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतात आणि ते रेणू तिथल्या तिथे अतिनील प्रकाश सोडतात.

शंकासुर: सोडतात, पण किती? चौरस सेंटिमीटरला सेकंदाला हजार ते दहा हजार फोटॉन. प्रयोगशाळेतला दिवा अब्जावधी पट प्रखर. तासाभरात मेघातल्या लाखो वर्षांचा डोस. एवढ्या भडिमारात काहीही घडेल हो!

रसायनी (बाणेर): शंकासुर, गुडिपाटींच्या त्याच प्रयोगांत हे आयन १२० केल्विनपर्यंत (उणे १५३ अंश सेल्सिअस) टिकले होते. मेघात असतात जेमतेम १० केल्विन, तिथे इलेक्ट्रॉनला परतायची कसली घाई? माझा आक्षेप दुसराच आहे. वैश्विक किरण बर्फातून जाताना स्वतःच वाटेतले इलेक्ट्रॉन उडवत जातात, पाण्याचेसुद्धा. मग श्रेय एकट्या अतिनीलला का? आणि दुर्बिणींना बर्फात दिसलेला ठळक आयन म्हणजे सायनेट. अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल शेजारी आले की तो होतो, त्या पायरीला प्रकाश लागतच नाही.

अवकाशी: सायनेट दिसला म्हणून बाकीचे नाहीत, असं कसं? बहुवलयी रेणूंच्या खुणा वर्णपटात पाण्याच्या रुंद पट्ट्यांखाली झाकल्या जातात.

शंकासुर: वा! पुरावा झाकलेला, म्हणून निकाल तुमच्या बाजूने? नवजात ताऱ्याभोवतीच्या तबकडीचा वरचा थर म्हणत असाल तर आत्ता सही करतो, तिथे अतिनील थेट पडतो. मेघाच्या पोटातलं मात्र आधी दाखवा.