मदत हवी आहे: हबक्कूक 2:4 तरुण संघात कसं समजावू?

सर्वांना सलाम. मी कोल्हापूरचा, आमच्या चर्चच्या तरुण संघात येत्या रविवारी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 2:4 हे वचन घ्यायचंय. एकीकडे गर्वाने फुगलेला माणूस, दुसरीकडे विश्वासाने जगणारा नीतिमान. खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येणार, आपल्या ताकदीलाच देव मानणारे, आणि अशा वेळी देव संदेष्ट्याला हे सांगतो, इथपर्यंत मुलांना पटतं. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत, रोम 1:17 आणि गलती 3:11 मध्ये, हेच वचन घेतलंय, तेही सांगणार आहे.

अडतंय कुठं, तर आमच्यात एक पोरगं तालमीत जातंय, त्यानं मागच्या वेळी विचारलं, दादा, पैलवानाला स्वतःच्या ताकदीवर भरवसा नको का, मग तो गर्व झाला का? प्रश्न खरा आहे हो, त्याला नुसतं 'नम्र रहा' सांगून भागणार नाही.

मला नामानाची गोष्ट (2 राजे 5) घ्यावीशी वाटते, एवढा मोठा सेनापती, पण कुष्ठरोग बरा व्हायला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार असं अलीशा संदेष्ट्याने सांगितल्यावर रागावतो, दिमिष्काच्या नद्या काय कमी आहेत का म्हणतो, आणि शेवटी नोकरांचं ऐकून पाण्यात उतरतो. त्याचं शौर्य कुणी काढून घेतलं नाही, फक्त अट घालायचं सोडावं लागलं. मला हे फार भिडतं.

पण हे हबक्कूकाशी जोडणं बरोबर आहे का? की लूक 18 मधला, प्रार्थनेत स्वतःची बढाई मारणारा परूशी आणि देवाकडे दया मागणारा जकातदार, हा दाखला जास्त जवळचा? कुणी पाळक किंवा संडे स्कूल घेणारे असाल तर त्या पोराला तुम्ही काय सांगितलं असतं ते प्लीज लिहा, शनिवारपर्यंत मिळालं तर लय बरं होईल.