बंदरातील धूर कमी करण्यासाठी जालन्यातून काय करता येईल?

जालनाकर:
आमच्या पोलाद कारखान्यांचे भंगार कंटेनरने येते आणि मराठवाड्यातील कापसाच्या गाठी बंदरातूनच बाहेर जातात. बंदराच्या दारात रांग लागली, की गाडी सारखी हातभर पुढे घ्यावी लागते, म्हणून चालक इंजिन बंद करीत नाहीत आणि तो धूर त्यांच्याच छातीत जातो. यावर खरा उपाय कोणता, आणि इतक्या दुरून आपल्या हातात काय आहे?

गोदाकाठ:
ट्रकचा धूर समोर दिसतो. परंतु धक्क्याला लागलेल्या जहाजाची इंजिनेही बंद नसतात. दिवे, पंप आणि शीतकंटेनर यांच्या विजेसाठी साहाय्यक इंजिने रात्रंदिवस चालतात. जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, हे मोठेच पाऊल होते. तरीही वाहनांच्या धुरासाठीच्या बीएस-६ या भारतीय मानकाच्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत १० भागच गंधक चालते, म्हणजे जहाजाला पाचशे पट मुभा आहे. त्यामुळे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे हा मला पहिला उपाय वाटतो. गोटेनबर्गने २००० साली आणि लॉस एंजेलिसने २००४ साली तो अमलात आणला.

बालाघाट:
ती वीज कोळशाचीच असेल, तर बंदराचा धूर औष्णिक केंद्रांच्या गावांकडे वळेल. राखेशेजारी राहणाऱ्यांनी याला उपाय कसे म्हणावे?

गोदाकाठ:
आपला आक्षेप रास्त आहे. कोळशाच्या विजेने धक्क्यालगतच्या वस्तीतील काजळी घटेल, पण कार्बन डायऑक्साइड फारसा घटणार नाही. म्हणून बंदराने सौर किंवा पवन विजेचाच करार केला पाहिजे. केंद्र सरकारच्या बंदरांसाठीच्या २०२३ च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांत २०३० पर्यंत प्रतिटन मालामागील कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्याच्या हिशेबात वीज कुठून आली हेही धरले जावे, असे माझे ठाम मत आहे.

रूळवाट:
मूळ प्रश्नाकडे येतो. भंगार उतरवून रिकामा कंटेनर परत गेला, तरी डिझेल जळतेच. त्याच कंटेनरला परतीची खेप मिळाली, तर एक फेरी वाचते. मात्र भंगाराने तेलकट झालेल्या, आतून ओरबाडलेल्या कंटेनरमध्ये कापूस भरता येत नाही. त्यामुळे कंटेनर धुण्याची व तपासण्याची सोय जालन्यातच हवी, आणि येथील ज्या ड्राय पोर्टचे, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कंटेनर केंद्राचे, भूमिपूजन २०१५ साली झाले, तेथूनच सीमाशुल्काची पूर्तता करून माल रेल्वेने गेला पाहिजे. जो माल ट्रकनेच जाईल, त्याला बंदरातील प्रवेशाची वेळ गाडी जालन्यातून निघण्यापूर्वीच मिळावी, ही मागणी आपल्या वाहतूकदारांनी एकत्रितपणे करावी.