फुटपाथ आणि सायकल ट्रॅकसाठी महापालिकेला पैसा नेमका कुठून मिळतो?

पायी_शाळा

नमस्कार मंडळी. मी एका ड वर्ग (म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या) महापालिकेच्या हद्दीतल्या माध्यमिक शाळेत शिकवते. शाळेसमोरून अठरा मीटरचा डी.पी. रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, जातो. आमची बरीच मुलं चालत किंवा सायकलने येतात. रस्त्याच्या एका बाजूला फुटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या फरश्या. त्याही विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी संपतात आणि मुलं तिथून थेट डंपरच्या वाटेत उतरतात. दुसऱ्या बाजूला फुटपाथच नाही.

पालकांच्या सह्या घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसला निवेदन दिलं. "मॅडम, फुटपाथला वेगळं हेड नाही, निधी आला की बघू," असं सांगण्यात आलं. हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं. त्याच टेबलावर असंही कळलं की याच रस्त्याचं डांबरीकरण पुढच्या वर्षीच्या कामांत धरलं आहे. म्हणजे रस्त्याला पैसा आहे आणि त्यावर चालणाऱ्या मुलांसाठी नाही, हे मला समजत नाही. केंद्राची किंवा राज्याची अशी कुठली योजना आहे का, जिचं नाव घेऊन आम्ही मागणी करू शकू? शहर बस आमच्याकडे जवळजवळ बंदच आहे, तिच्यासाठी काही असेल तर तेही सांगा.

निवृत्त_लेखाधिकारी

मॅडम, माझी नोकरी महापालिकेच्या लेखा विभागात गेली, अंदाजपत्रकं करण्यात आणि बिलं तपासण्यात. त्यामुळे सविस्तर लिहितो.

"हेड नाही" हे बऱ्याच पालिकांत खरं असतं. पण त्यावरून काढलेला "म्हणून पैसा नाही" हा निष्कर्ष खरा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणं, राखणं आणि सुधारणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, आणि कायद्यातल्या रस्त्याच्या व्याख्येत पायवाटही येते. फुटपाथ हा रस्त्याचाच भाग. रस्त्यांच्या लेखाशीर्षातून, म्हणजे रस्त्यांच्या हेडमधून, फुटपाथ करायला लेखा विभाग हरकत घेऊ शकत नाही. मी कधी घेतली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की फुटपाथची योजना शोधत बसू नका. तुमच्या रस्त्याचं काम धरलं आहे ना? मग त्या कामाच्या एस्टिमेटमध्ये फुटपाथ घालून घ्या. आपल्याकडे चालणाऱ्यांसाठी जे काही चांगलं झालं, ते बहुतेक रस्त्याच्या पैशातूनच झालं आहे.

तरीही पैसा येतो कुठून हे माहीत असावं. कुठल्या दारावर काय मागायचं ते त्यावरून ठरतं.

पालिकेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क, दस्त नोंदणीच्या मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार आणि जीएसटी आल्यावर २०१७ पासून राज्याकडून मिळणारी भरपाई. ही भरपाई बहुतेक ठिकाणी पगार-पेन्शनमध्येच जाते. विकास शुल्क मात्र भांडवली कामांचा पैसा आहे. शहरात नवे टॉवर उभे राहत असतील तर या शीर्षाखाली किती जमा झाले आणि कुठे खर्चले, हे माहिती अधिकारात जरूर विचारा.

आणखी एक शीर्ष आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. गॅसची पाइपलाइन आणि इंटरनेटची केबल टाकणाऱ्या कंपन्या खोदाईपोटी रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क पालिकेकडे भरतात. खोदाई पुष्कळदा रस्त्याच्या कडेला, म्हणजे फुटपाथवरच होते, आणि जमा पैशातून डांबराचे पॅच मारले जातात. तुमच्या रस्त्यावर खोदाई झाली असेल तर तो पैसा त्याच रस्त्यासाठी घेतलेला आहे. मागा.

मग वित्त आयोग, ज्याच्या शिफारशीने केंद्राचं अनुदान पालिकांना मिळतं. १५ व्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. पगार आणि आस्थापना सोडून स्थानिक गरजेच्या कामाला तो वापरता येत होता आणि फुटपाथ त्यात बसतो. आता १६ व्या आयोगाचा २०२६-३१ हा काळ आहे. त्याच्या अटींचा शासन निर्णय लेखा विभागाकडून मागून घ्या आणि तो हातात ठेवूनच बोला.

राज्याकडून नगरोत्थान, म्हणजे शहरांतल्या सुविधांसाठीची राज्याची योजना. त्याचे दोन भाग आहेत, राज्यस्तर आणि जिल्हास्तर. राज्यस्तरावर मोठे प्रकल्प जातात, तिथे शाळेसमोरचा फुटपाथ टिकणार नाही. जिल्हास्तरचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. तुमच्यासारख्या कामाला हे दार योग्य. आमदारांचा स्थानिक विकास निधी राज्यात वर्षाला ५ कोटी आहे, खासदारांचाही तेवढाच. या निधीतून पायवाट आणि बस निवारा दोन्ही बांधता येतात. पण हा पैसा तुकड्यातुकड्याने येतो. शंभर मीटर फुटपाथ होतो, पुढचे शंभर मीटर पुढच्या निवडणुकीपर्यंत राहतात. म्हणून त्याला मी शेवटचा पर्याय मानतो.

केंद्राच्या जुन्या योजनांची नावं घेऊन कुणी तुम्हाला फिरवत ठेवेल, म्हणून सांगतो. २०१५ च्या अमृत योजनेत पादचारी आणि सायकल सुविधा होत्या, २०२१ च्या अमृत २.० मध्ये भर पाणी आणि मलनिस्सारणावर आहे. स्मार्ट सिटी मिशन मार्च २०२५ मध्ये संपलं. त्या दारांवर आता जाऊ नका.

एस्टिमेटवाला

काकांशी पूर्ण सहमत. मी पालिकांच्या रस्त्यांची एस्टिमेटं करतो, कन्सल्टंट म्हणून. त्यात थोडी भर.

अठरा मीटर रुंदीत फुटपाथ सहज बसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या फुटपाथच्या मानकात चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. "मोकळी" म्हणजे खांब, झाड, ट्रान्सफॉर्मर सोडून. पत्रात हा आकडा घाला. नाहीतर एक मीटरचा पेव्हर ब्लॉकचा पट्टा काढून काम झालं असं दाखवलं जातं.

मुख्य गोष्ट वेळेची. एस्टिमेटला तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्यांची मंजुरी, मिळण्याआधी फुटपाथ घालणं सोपं असतं, दोन-चार बाबी वाढतात आणि रक्कम वाढते. निविदा निघाल्यावर तेच काम "जादा बाब" होतं. मग त्याला वेगळी मंजुरी आणि वेगळी टिप्पणी लागते, आणि अभियंता ऑडिटला घाबरून हात आखडतो. म्हणून आधीच मागा. रक्कम वाढेल म्हणून कुणी नाही म्हणालं तर डांबराची रुंदी कमी करायला सांगा. बऱ्याच रस्त्यांवर गाड्यांना लागते त्यापेक्षा जास्त रुंदीचं डांबर पडतं, आणि त्या जास्तीच्या पट्ट्यावर पार्किंग होतं. तिथे डांबर टाकायचा खर्च वाचवून त्याच पैशात फुटपाथचा बराच भाग निघतो. मी हे हिशोब करून दाखवले आहेत आणि ते मान्यही झाले आहेत.

ट्रान्सफॉर्मर हलवायचा खर्च वेगळा असतो, तो वीज कंपनीकडे भरावा लागतो. तो एस्टिमेटमध्ये आधीच धरायला लावा. नाहीतर फुटपाथ बांधून झाल्यावरही ट्रान्सफॉर्मर तिथेच उभा राहील.

सायकल ट्रॅक वेगळा मागू नका असं माझं मत. अठरा मीटरमध्ये रंगाचा पट्टा मारून केलेला ट्रॅक आठवड्यात दुचाकींचं पार्किंग होतो. शाळेच्या परिसरात वेग कमी करणारी उंचावलेली क्रॉसिंग आणि अरुंद चौक मागा. मुलांच्या सायकलींना खरं संरक्षण त्याने मिळतं, आणि खर्चही कमी.

हरितसेतू_निगडी

दुसरं टोक म्हणून आमच्याकडचं उदाहरण देते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित कर्जरोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे बाँड) काढले, आणि ते ज्या कामांसाठी होते त्यात निगडी-प्राधिकरणातला चालण्या-सायकलिंगचा हरित सेतू प्रकल्प आहे. चालण्यासाठी बाजारातून कर्ज उभं राहू शकतं, हे बघून मला फार बरं वाटलं. ड वर्ग पालिकेला हे झेपणार नाही, कर्जरोख्यांना पत लागते आणि हिशोब चोख लागतात. पण आयुक्तांसमोर बोलताना उदाहरण जरूर द्या.

शेजारी पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. तुमच्या पालिकेत तशी सोय नसेल तर मागायला काय हरकत आहे?

बसथांबा

शहर बसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. परिवहन सेवा चालवणं हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे, रस्त्यासारखं बंधनकारक नाही. त्यामुळे पैसा कमी पडला की पहिली कात्री बसवर. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर असेल तर पीएम ई-बस सेवा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, केंद्राचे २०,००० कोटी. बस खासगी ऑपरेटरची असते, पालिका त्याला किलोमीटरमागे पैसे देते आणि केंद्र त्यातला काही भाग दहा वर्षं उचलतं. डेपो आणि चार्जिंगच्या विजेच्या कामालाही मदत आहे.

पण दर किलोमीटरची उरलेली रक्कम पालिकेलाच भरायची असते. तिकिटातून ती निघत नाही, जगात फार थोड्या ठिकाणी निघते. पुण्याच्या पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० अशी वाटून घेतात, दरवर्षी, अंदाजपत्रकात तरतूद करून. तुमच्या पालिकेने तशी तरतूद केली आहे का, हे आधी विचारा. बस येऊन डेपोत उभी राहण्यात मुलांचा काय फायदा?

पायी_शाळा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मला वाटलं होतं एखादं योजनेचं नाव मिळेल. इथे तर सगळी वाटच समजली. काका, आता पत्र कुणाला लिहू आणि त्यात काय मागू? वॉर्ड ऑफिसलाच परत?

निवृत्त_लेखाधिकारी

वॉर्डला प्रत द्या, पत्र शहर अभियंत्यांना, आणि दुसरी प्रत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना. लेखा विभागाकडे नागरिकांची पत्रं फारशी येत नाहीत. आलेलं पत्र वाचलं जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

पत्र एका पानाचं ठेवा. रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, डी.पी. रुंदी. मग मागणी एकच: या रस्त्याच्या धरलेल्या डांबरीकरणाच्या एस्टिमेटमध्ये दोन्ही बाजूंना १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा फुटपाथ, शाळेसमोर उंचावलेलं क्रॉसिंग आणि ट्रान्सफॉर्मर हलवण्याचा खर्च तांत्रिक मान्यतेपूर्वी समाविष्ट करावा. खाली कलम ६३ चा उल्लेख. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आहे, तेही लिहा. सहानुभूतीचे परिच्छेद नकोत. पालकांच्या सह्या मात्र जोडा.

त्याच दिवशी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: त्या कामाचं एस्टिमेट कोणत्या टप्प्यावर आहे, ते कोणत्या लेखाशीर्षातून धरलं आहे, आणि त्या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत खोदाईपोटी किती शुल्क जमा झालं. उत्तराला तीस दिवस लागतील, त्यामुळे पत्र त्यासाठी थांबवू नका.

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीला देतात. पण विभागांकडून मागण्या दिवाळीच्या आसपासच गोळा होतात आणि तिथे नाव आलं नाही की नंतर वर्गीकरण करूनच, म्हणजे दुसऱ्या शीर्षातून वळवूनच, पैसा काढावा लागतो. म्हणून पत्र गणपतीपूर्वी जाऊ द्या. एस्टिमेटची प्रत मिळाली की नावं-नंबर झाकून इथे टाका. एस्टिमेटवाले आणि मी मिळून बघू, कुठल्या बाबीत किती कमी करता येईल.