नात्सुमेच्या झाकणाबाबत मदत हवी आहे

जपानच्या इशिकावा प्रांतातील यामानाका येथे कातलेली, काळ्या उरुशी लाखेची एक नात्सुमे (चहाविधीत माच्चा या हिरव्या चहाची पूड ठेवण्याची, बोराच्या आकाराची म्हणून तेच नाव मिळालेली डबी) माझ्याकडे आहे. तिथले कातारी (लाकूड कातणारे कारागीर) झाडाच्या वाढीच्या दिशेतच भांड्याचा आस धरून लाकूड घेतात, त्यामुळे ते कमी वाकते आणि झाकण बोट सोडताच हलकेच, हवा बाहेर सारत खाली बसते. पुण्यातल्या या उन्हाळ्यात मात्र ते एका बाजूला अडकू लागले आहे, आणि खिडकीकडच्या अंगावर नखाएवढा फिकट डाग उमटला आहे.

उरुशीला कडक ऊन आणि कोरडी हवा सोसत नाही, हे मी जाणतो. तरीही डबीशेजारी पाण्याची वाटी ठेवून दमटपणा हळूहळू वाढवावा, की तिला मुळीच हात न लावता पावसाळ्याची वाट पाहावी? लाखकाम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे. झाकण घासण्याची माझी हिंमत होत नाही.