जुन्या फायरप्लेस इन्सर्टला सरपण कमी कसे लागेल?

प्रश्न

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात आम्ही घेतलेल्या जुन्या घरात, विटांच्या फायरप्लेसमध्ये जाड पोलादी पत्र्याचा एक इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी दाराची बंद शेगडी, बसवलेला आहे. त्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) प्रमाणपत्राची पट्टी नसल्यामुळे तो १९८८ च्या नियमांपूर्वीचा असावा, असा माझा अंदाज आहे. तो सरपण फार खातो. जाळ मोठा असेपर्यंत खोली ऊबदार राहते, मात्र पहाटेपर्यंत निखारेही उरत नाहीत आणि दाराची काच काळी पडते. लाकूड मेपल आणि ओकचे असून विक्रेत्याने शरद ऋतूत "वाळलेले" म्हणून आणून टाकले आहे. नवा इन्सर्ट घेणे सध्या शक्य नाही. आहे त्यातच जळण वाचवायचे असेल, तर सुरुवात कशापासून करावी?

प्रतिसाद

सुरुवात लाकडापासून करावी, कारण काळी पडणारी काच बहुतेक वेळा ओल्या सरपणाकडेच बोट दाखवते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. मात्र ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला ते टोचून उपयोग नाही. एखादा ओंडका घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, तो नव्याने फोडावा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर, मध्यभागी, रेषांच्या दिशेने सुया दाबाव्यात. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. त्याहून बराच जास्त आला, तर लाकडाच्या उष्णतेचा काही भाग त्यातलेच पाणी उकळण्यात खर्च होत आहे, असे समजावे. गावाकडच्या बंबात ओले लाकूड घातल्यावर धूर होतो, पण पाणी तापत नाही, तोच प्रकार इथेही घडतो.

ओक वाळायला फार वेळ घेतो. फोडून रचल्यानंतर त्याला दोन उन्हाळे लागणे सामान्य आहे. मेपल त्यामानाने लवकर तयार होतो. म्हणून दोन्ही वेगळे रचावेत, ओक पुढच्या हिवाळ्यांसाठी राखून ठेवावा आणि रास जमिनीपासून उचलून, फक्त वरून झाकून, बाजूंनी वारा खेळता ठेवावी. संपूर्ण ताडपत्रीत गुंडाळलेले लाकूड वाळत नाही.

प्रतिसाद

वरील मुद्दा योग्यच आहे, परंतु जुन्या इन्सर्टमध्ये नको तिथून शिरणारी हवा तितकीच महत्त्वाची असते. दाराभोवतीची फट बंद करणारी दोरीसारखी गॅस्केट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक आणि चपटी होते. विस्तव नसताना दारात एक नोट अडकवून दार बंद करावे आणि नोट ओढून पाहावी; हे चारही बाजूंना करावे. जिथे ती सहज निसटते, तिथून हवा आत शिरते, आणि मग हवेची झडप कितीही कमी केली तरी लाकूड भराभर जळतच राहते. नवी गॅस्केट मूळ जाडीचीच घ्यावी. जाड घेतल्यास दार नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट धुराड्याची. त्या काळी अनेक इन्सर्ट फायरप्लेसच्या तोंडात नुसतेच सरकवून ठेवत आणि वरपर्यंत नळी जोडत नसत. अशा रचनेत धूर विटांच्या मोठ्या पोकळीत जाऊन गार पडतो, धूर वर ओढणारी खेच कमजोर होते आणि भिंतींवर डांबरासारखे क्रिओसोट साचते, ज्याला आग लागण्याचा धोका असतो. धुराडे साफ करणाऱ्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे इन्सर्टपासून धुराड्याच्या वरच्या टोकापर्यंत जाणारी नळी, नसेल तर तो बसवून घ्यावा. त्याच वेळी लायनरभोवतीची मोकळी जागा डॅम्परच्या (धुराड्याच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) पातळीवर पत्र्याने बंद करून घ्यावी, म्हणजे इन्सर्टभोवतीची ऊब वर निघून जाणार नाही. माझ्या मते, नवी वस्तू न घेता केलेला हा सर्वांत मोलाचा खर्च आहे.

प्रतिसाद

जाळण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. रात्री इन्सर्ट ओंडक्यांनी भरून हवा जवळपास बंद करणे, ही जुन्या इन्सर्टच्या बाबतीत सर्वांत वाया घालवणारी सवय आहे. नव्या इन्सर्टमध्ये धुरातले वायू वरच्या भागात पुन्हा पेटतात. जुन्यात तशी सोय नसल्याने धुमसणाऱ्या लाकडातील न जळलेले जळण धूर होऊन निघून जाते. त्याऐवजी लहान, पण तेजस्वी जाळ ठेवावा. मोठे ओंडके खाली, मध्यम त्यांच्यावर आणि काटक्या सर्वांत वर रचून वरूनच पेटवावे. धूर कमी होतो आणि धुराडे लवकर तापते. आतल्या वरच्या बाजूचा आडवा पत्रा वाकलेला किंवा सरकलेला नाही ना, हेही पाहावे, कारण त्यामुळे ज्वाळा थेट वर निसटतात. ब्लोअर (गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा) असल्यास इन्सर्ट चांगला तापल्यावरच चालू करावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोटेची परीक्षा करून पाहिली. बिजागरीच्या बाजूला ती अलगद बाहेर आली. फोडलेल्या ओकमध्ये ओलावा २८ टक्के, तर मेपलमध्ये १९ टक्के आढळला. गॅस्केट या आठवड्यात बदलतो आणि सध्या फक्त मेपल वापरतो. धुराड्याच्या तपासणीपर्यंत इन्सर्ट पेटवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद

माझ्या मते पेटवू नये. लायनर आहे की नाही आणि आत क्रिओसोट किती साचले आहे, हे कळेपर्यंत थांबणेच योग्य. घट्ट दारामुळे हवा कमी मिळून जाळ धुमसू लागला, तर साचण्याचा वेग वाढतो. तोपर्यंत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या खोलीत आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर लावून घ्यावा.